दुसरं बटण

१

"लोकांना वर न्यायचा धंदा, आणि स्वतः मात्र पायऱ्या मोजतो!" हा विनोद मास्तरांनी आपल्या जावयावर तो घरी राहायला आला त्या दिवशी केला आणि पुढे वर्षानुवर्षं चालवला. जावई लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि राहायचा तो लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तेही सासऱ्यांच्याच घरात. भाड्याची जागा सुटली म्हणून चार दिवसांसाठी आलेला हा माणूस सात वर्षं झाली तरी तिथेच होता. घरजावई म्हणून चिडवून घ्यायची त्याला सवय झाली होती. उलट गेल्या अकरा महिन्यांत मास्तरांनी तो विनोद एकदाही केला नव्हता, याचंच त्याला वाईट वाटायचं.

मास्तर म्हणजे शिवणकामाचे मास्तर. खिडकीजवळ मशीन, मशीनजवळ ते. दाराच्या मागे त्यांनी तीन खुंट्या ठोकल्या होत्या आणि तीन खुंट्यांवर तीन रेनकोट असायचे. एकाच ताग्यातल्या पिवळ्या, जाड मेणकापडाचे, डोक्यावर टोपी असलेले. एक मास्तरांचा, एक जावयाचा, एक त्यांच्या मुलाचा. मुलाला सगळे धाकटा म्हणत, कारण बहिणीच्या पाठचा. प्रत्येक कोटाला चार मोठी बटणं, हाताने लावलेली, बटणाखाली दोऱ्याचे पाच वेढे. चेन लावली असती तर काम अर्ध्या वेळात झालं असतं, पण चेन म्हणजे आळशी माणसाचं शिवण, असं मास्तरांचं ठाम मत. धाकट्याच्या कोटाचं दुसरं बटण लावताना काळा दोरा संपला, म्हणून तेवढं एक निळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. धाकटा त्यावरून बापाला वर्षभर चिडवत होता.

आता खुंट्या तीनच होत्या आणि कोट दोन. तिसऱ्या खुंटीवर कुणी पिशवी जरी अडकवली, तरी मास्तर न बोलता उठून ती काढून ठेवायचे.

२

वाम पकडायला दोन माणसं लागतात, आणि ती दोघं एकमेकांना दिसत नाहीत. इथूनच सगळी अडचण सुरू होते.

वाम म्हणजे सापासारखा लांबडा मासा, मोठी असली तर पुरुषभर लांब आणि मांडीएवढी जाड. ती दिवसा खडकातल्या बिळात पडून असते आणि चंद्र नसलेल्या रात्री खायला बाहेर येते. पाण्यावर उजेड पडला की परत आत. म्हणून दिवे विझवून बसायचं. गावाबाहेरच्या खडकावर बसायला दोनच सपाट जागा होत्या आणि त्यांच्या मधोमध एक अरुंद, खोल घळ. घळीच्या अलीकडे एक माणूस, पलीकडे दुसरा. लाटांचा आवाज एवढा, की चाळीस फुटांवरची हाकसुद्धा पोचत नाही.

त्यावर मास्तरांनी तोड काढली होती ती दोरीची. एक लांब दोरी, एक टोक याच्या कमरेला, दुसरं त्याच्या. एक झटका म्हणजे "मी आहे, तू आहेस ना?" त्याला उत्तर एक झटका. दोन म्हणजे "मासा लागलाय, वर घ्यायला आकडीची काठी घेऊन ये." तीन म्हणजे "मला ओढ." आणि चार म्हणजे "पुरे झालं, मी घरी निघालो."

अकरा महिन्यांपूर्वी अलीकडे मास्तर होते आणि पलीकडे धाकटा. मास्तरांच्या गळाला वाम लागली होती. आयुष्यातली सगळ्यात मोठी. तेवढ्यात कमरेला तीन झटके बसले. मास्तर म्हणाले, "थांब की जरा." मोठ्याने म्हणाले, जणू धाकट्याला ऐकूच जाणार होतं. त्यांना वाटलं, दोनच आहेत, तिसरा लाटेचा असेल. वाम सोडवेना. मासा वर येईपर्यंत फार तर पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांनी दोरी ओढली, तर ती हलकी आली. टोकाची गाठ सुटलेली होती.

शोध घेणाऱ्यांनी आठवडाभर समुद्र ढवळला. त्यांना काही मिळालं नाही.

३

तेव्हापासून चंद्र नसलेली एकही रात्र मास्तरांनी सोडली नाही. मुलीने एकदा दाराला कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवली, तर त्यांनी कातरीच्या टोकाने कुलूपच काढलं आणि एकटेच गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटी तडजोड ठरली की, जायचंच असेल तर जावई बरोबर जाईल. जावयाला माशाची आवड नव्हती, समुद्राची तर त्याहून नव्हती. पण दोऱ्या त्याला कळायच्या. लिफ्टचा दोर मुठीत धरून आत किती माणसं उभी आहेत ते तो सांगायचा आणि बहुधा बरोबर सांगायचा.

पकडलेली वाम मास्तर खात नसत. घरी आणून मोरीत घ्यायचे, शिवणाच्या मोठ्या कातरीने तिचं पोट उघडायचे, आतलं सगळं बोटांनी चाचपून बघायचे आणि मग मासा शेजाऱ्यांना देऊन टाकायचे. काय शोधताय, असं घरात कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

गेल्या खेपेला ते सापडलं. मोठं, काळं बटण, चार भोकांचं. भोकांतून अजून दोऱ्याचे वेढे लोंबत होते. मास्तरांनी ते नळाखाली धरलं, बोटाने चोळलं आणि दिव्याजवळ नेलं. दोरा निळा होता.

ते रडले नाहीत. त्यांनी बटण सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिसा वरून शिवून टाकला.

आज निघताना मास्तरांच्या मुलीने नवऱ्याला जिन्यात गाठलं. मास्तर खाली पोचले होते. एकेका पायरीवर त्यांच्या रबरी बुटांचा चीं चीं आवाज होत होता.

"आज त्यांचं काही खरं दिसत नाही मला," ती म्हणाली. "दुपारपासून मशीनवर नुसते हात ठेवून बसलेत. शिवत नाहीत, बोलत नाहीत."

"नेहमीचंच आहे."

"नेहमीचं नाही. मला विचारत होते, धाकट्याला शेवटचा कोट केव्हा शिवला होता, मापं कुठल्या वहीत आहेत." तिने त्याच्या रेनकोटाचं वरचं बटण लावून दिलं. "एक भाऊ गेला माझा. बाबांना घेऊनच या. त्यांच्याशिवाय आलात तर मी दार उघडायची नाही."

"आणतो."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी. दोरी सोडत नाही मी, तुला माहीत आहे," तो म्हणाला. हे त्याने नुसतं तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. सात वर्षं ज्या माणसाचं मीठ खाल्लं, त्याला समुद्राच्या तोंडी द्यायचं नाही, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

४

दहाच्या सुमाराला ते खडकावर बसले. पलीकडची जागा आज मास्तरांनी मागून घेतली, जिथे धाकटा बसायचा ती. तिथे खडकात एक जुनी लोखंडी कडी आहे, तिच्याजवळ ते बसलेले जावयाने पाहिले. मग त्यांनी दिवा विझवला आणि घळीपलीकडे काळोखाशिवाय काही उरलं नाही.

त्याने बांगड्याचा अर्धा तुकडा गळाला लावला, गळ घळीच्या तोंडाशी सोडला आणि काठीच्या शेंड्याला छोटी घंटी बांधली. मासा तोंड लावतो तेव्हा ती वाजते. मग कमरेच्या दोरीला एक झटका दिला.

मास्तरांचं उत्तर कसं येतं ते त्याला पाठ होतं. आधी काही नाही. म्हातारा कोटाच्या बाहीतून हात बाहेर काढणार, दोरी चाचपणार. पाच मोजून होतात, मग एक छोटा, कोरडा झटका, सुई कापडातून बाहेर ओढल्यासारखा. दर दहा मिनिटांनी हेच चालायचं.

पहिला तास असाच गेला. अकरा वाजून गेल्यावर त्याने पुन्हा एक झटका दिला, आणि पाच मोजायच्या आत, एकसुद्धा मोजायच्या आत, उत्तर आलं.

बरं, म्हाताऱ्याचा हात दोरीवरच असेल, असं तो मनाशी म्हणाला.

पुढच्या वेळीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळी त्याने दोरीला हात घातला आणि तो झटका देणार, तेवढ्यात तिकडूनच एक आला. मी आहे, तू आहेस ना? त्याने उत्तर दिलं. लगेच पुन्हा एक. पुन्हा उत्तर दिलं. पुन्हा एक.

"बाबा!" त्याने हाक मारली. लाटेने ती तोंडासमोरच गिळली.

त्याने दोरी मुठीत घेतली आणि लिफ्टच्या दोराशी वागायचा तसा तिच्याशी वागला. डोळे मिटले, श्वास रोखला, टोकाला काय आहे ते हाताला विचारलं. टोकाला वजन होतं, ते जिवंत होतं आणि हळूहळू हलत होतं. इथवर ठीक. पण दोरी घळीवरून आडवी पलीकडे जायला हवी होती, आणि हाताला ती खाली जाताना लागत होती. दोरी मधे झोल खाते, भरतीचं पाणी तिला खाली ओढतं, त्याने हिशेब केला. हिशेब चुकीचा नव्हता. तरी त्याने टाचा खडकाच्या खाचेत रोवून घेतल्या.

५

घंटी वाजली. आधी किणकिण, मग एकदम गप्प, कारण काठीचा शेंडाच पाण्यात गेला होता.

वाम लागली की पहिलं एक मिनिट तिचं असतं. शेपटीचा विळखा खडकाला घालून ती बिळात घुसते, आणि एकदा घुसली की हत्ती आणला तरी बाहेर येत नाही. त्याने काठी छातीशी धरली आणि सगळं अंग मागे टाकलं. माशाची आवड नसली तरी हार मानायची सवय त्याला नव्हती. दंड भरून आले, कमरेतून कळ गेली. मग खाली काहीतरी सुटलं आणि ती वर यायला लागली. पाण्याच्या कडेला तिचं पांढुरकं पोट एकदा वळलेलं दिसलं. ही एकट्याने वर घेण्यासारखी नव्हती.

त्याने एका हाताने दोरीला दोन झटके दिले. आकडी आणा.

उत्तर आलं ते एक. मी आहे.

"अहो, आहात ते कळलं हो, आकडी घेऊन या ना!" तो दातओठ खाऊन पुटपुटला आणि पुन्हा दोन झटके दिले.

पुन्हा एक आलं. आणि मग, जरा थांबून, तीन.

तीनच होते, यात शंका घ्यायला जागा नव्हती. पहिला, दुसरा, तिसरा, सारख्या अंतराचे, घाई नसलेले. आणि काठीच्या टोकाला ती वाम होती. नेमक्या याच जागी बसून, नेमकं हेच हातात धरून मास्तर "थांब की जरा" म्हणाले होते.

त्याने क्षणभरही विचार केला नाही. पट्ट्याचा चाकू काढला, मासेमारीचा धागा काठीजवळ कापला आणि काठी टाकून दिली. मासा गेला तर गेला. त्याने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढायला लागला.

पायाशी विझवून ठेवलेली बॅटरी केव्हा धक्का लागून पेटली आणि घरंगळली ते त्याला कळलं नाही. एकदा खाली पाण्यात हिरवट उजेड बुडताना दिसला आणि संपला. हातावर हात, हातावर हात. मास्तरांचं वजन पंचावन्न किलोच्या पलीकडे नाही. हे वजन त्याहून बरंच जास्त होतं. मेणकापडाच्या आत पाणी भरलं की कोट जड होतो, तो स्वतःला सांगत होता. ओल्या माणसाचं वजन वाढतं. ओढ. काही झालं तरी म्हणालास ना, मग ओढ.

कड्याच्या काठावर काहीतरी आलं. त्याने पुढे होऊन दोन्ही मुठींनी कोट धरला आणि अंग मागे झोकून वर घेतला. दोघंही खडकावर पडले.

"बाबा! बाबा, लागलं का कुठे?"

मास्तर बोलले नाहीत. धापही टाकली नाही. टोपी खाली ओढलेली होती. त्याने घाईने छातीवर हात फिरवला, श्वास लागतोय का बघायला. कोटाचं वरचं बटण हाताला लागलं. त्याच्याखाली बटण नव्हतं. नुसती दोऱ्याची तुटकी टोकं होती.

त्याचा हात तिथेच थांबला.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात ते उगाच नाही. एका क्षणात त्याच्या मनात जे येऊन गेलं, ते त्याने तिथल्या तिथे, मान धरून बाहेर काढलं. म्हातारा चाळीस फूट घळीतून, शिंपल्यांच्या धारेवरून घासत वर आलाय. बटण तुटणार नाही तर काय होणार? तुटलं ते दुसरंच तुटलं, चारांतलं कुठलं तरी तुटणारच होतं.

"बटण गेलं तुमचं," तो मोठ्याने म्हणाला. "घरी जाऊन लावू. चला."

हातभर अंतरावर बसलेल्या माणसाने तोंडाने उत्तर दिलं नाही. त्याने दोरीला एक झटका दिला.

६

खडकावरून गावात जाणारी वाट एका वेळी एकाच माणसाची. तो पुढे, मागे मास्तर, मधे दोरी. असंच ते नेहमी यायचे, कारण काळोखात कुणाचा पाय घसरला तर दुसऱ्याला कळावं.

त्याने ठरवलं होतं की वळून बघायचं नाही. का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं, तर म्हातारा बिथरलेला आहे, तोंडाकडे पाहिलं की परत समुद्राकडे जायचा हट्ट धरेल, असं काहीतरी उत्तर त्याच्याकडे तयार होतं. एवढंच धरून ठेवायचं की दोरी ताणलेली आहे, माणूस मागे आहे, घर पंधरा मिनिटांवर आहे.

तो बोलत राहिला. "थंडी वाजत असेल. घरी पाणी गरम असेल. ती जागी असेल, तिला काही सांगायचं नाही, पाय घसरला एवढंच म्हणायचं." प्रत्येक वाक्याला मागून एक झटका यायचा. शाळेतल्या मुलांनी एका सुरात "हो" म्हणावं तसा.

डांबरी रस्ता लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रबरी बुटांचा चीं चीं आवाज येत नाहीये. मागून येत होतं ते ओलं फडकं फरशीवर टाकल्यासारखं, एकामागून एक.

"बूट गेले का पाण्यात?"

एक झटका.

"जाऊ देत. नवे घेऊ."

गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा खांब आहे. त्याच्याखालून पुढे गेल्यावर त्याची सावली पायांतून निघून रस्त्यावर लांब पसरली. मग तिच्या शेजारी दुसरी सरकत आली, टोपी घातलेली. तो बघायचा नाही म्हणत होता, पण पायाखालच्या रस्त्याकडे तर बघावंच लागतं. मास्तर त्याच्या खांद्याला लागायचे. ही सावली त्याच्या सावलीपेक्षा डोकंभर उंच होती.

उजेड मागून आला की मागच्याची सावली पुढे जाते. त्याने हेही स्वतःला समजावलं आणि चालण्याचा वेग वाढवला. दोरी ताणली नाही. मागच्यानेही वेग वाढवला होता.

७

जिन्याला अठ्ठेचाळीस पायऱ्या. त्या त्याने मोजल्या, कारण दुसरं काही मनात यायला नको होतं. पहिल्या मजल्यावर दोरी थोडी मागे राहिली. दुसऱ्यावर आणखी. मागचा माणूस खालच्या वळणावर थांबत होता, मग सावकाश चढत होता. अठ्ठेचाळिसाव्या पायरीवर पोचून त्याने दार ठोठावलं तेव्हा दोरी त्याच्या कमरेतून निघून, कठड्याखालून, काळोखात खाली गेलेली होती.

"कोण?"

"मी. आणलंय मी बाबांना. उघड."

आतून पावलं दाराशी आली. मग कडी निघाली.

बायको दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता गोंधळ होता. "कुणाला आणलंय?" तिने विचारलं.

तिच्या खांद्यावरून त्याला दारामागच्या खुंट्या दिसल्या. पहिल्या खुंटीवर मास्तरांचा पिवळा रेनकोट होता. कोरडा. चारही बटणं जागच्या जागी. खाली त्यांचे रबरी बूट एकमेकांना चिकटवून ठेवलेले. आणि खिडकीजवळ, मशीनवर, शाल पांघरलेले मास्तर, हातात चहाचा कप.

"उशीर केलात जावईबापू," मास्तर म्हणाले. "चार झटके दिले की मी तुम्हाला, अकराच्या आतच. छातीत कळ आली, म्हटलं आज पुरे. तुम्ही एक देऊन बरं म्हणालात. मग टोक त्या कडीला बांधलं आणि वरच्या वाटेने आलो. खाली जिन्याशी तुमच्यासाठी थांबलोही होतो."

"मला चार आले नाहीत," तो म्हणाला. "मी काही म्हणालो नाही."

मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांची नजर जावयाच्या कमरेवर गेली, तिथून दोरीवर, दोरीवरून उंबऱ्यापलीकडे. दोरीतून पाणी ठिबकत होतं.

आता त्याला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर तो जो होता तोच झाला, दोऱ्या कळणारा माणूस. म्हातारा घरात आहे, सुखरूप आहे. दिलेला शब्द पाळला गेला आहे. या दोरीच्या टोकाला जे आहे त्याचं तो काही देणं लागत नव्हता. त्याने चाकू काढला आणि पातं दोरीला लावलं.

त्याच क्षणी कमरेला झटके बसले. पहिला. दुसरा. तिसरा. सारख्या अंतराचे, घाई नसलेले.

त्याच्या मनगटावर बायकोचा हात पडला. जिन्याकडे बघायचं धाडस तिच्यात नव्हतं. पण मनगट तिने सोडलं नाही. "कापू नका," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे हो तो."

"अगं, तो नाहीये—"

"थांबायचं नाही आता," मास्तर म्हणाले. ते कधी उठले ते दोघांनाही दिसलं नव्हतं. शाल मशीनवर पडली होती आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोरी धरली होती. "मागच्या वेळी मी थांब म्हटलं त्याला."

ते ओढायला लागले. हातावर हात, हातावर हात, छातीतली कळ विसरून. ओली दोरी घरात येऊन फरशीवर वेटोळी घालू लागली. खाली जिन्यात एक ओलं पाऊल पायरीवर पडलं. मग त्याच्या वरच्या पायरीवर.

मास्तरांनी एक हात क्षणभर दोरीवरून काढला, सदऱ्याच्या खिशावरची शिवण नखाने उसवली आणि मान न वळवता मुलीला सांगितलं, "सुईत दोरा ओव. निळा."